मिसळण्याआधी वेगळं करा: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी सांडपाण्याचा सविस्तर मार्गदर्शक

मे महिन्यात पारसिकच्या डोंगरातले ओहोळ कोरडे पडतात. तरीही दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याखालून खाडीकडे जाणारे नाले वाहत असतात. पाऊस नाही, झरा नाही. मग ते पाणी कुणाचं? काही वस्त्यांचं, काही हॉटेलांचं आणि काही आपल्या कारखान्यांचं. नाल्यात उतरलं की त्यातलं कुणाचं कोणतं हे सांगता येत नाही, आणि स्वच्छही करता येत नाही.

या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच. सांडपाण्याचा प्रश्न घाणीपेक्षा मिसळण्यामुळे अवघड होतो. वेगळं ठेवलेलं घाण पाणी कमी खर्चात साफ होतं. एकत्र झालेलं पाणी दहापट खर्च करूनही कधीकधी साफ होत नाही. कारखान्याच्या गटारात, अनेक कारखान्यांचं पाणी साफ करणाऱ्या सामाईक प्रकल्पात आणि शहराच्या नाल्यात, तिन्ही ठिकाणी हेच लागू आहे.

आपल्याकडे आधी कारखाने आले आणि शहर मागून. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, सिडको १९७० साली, नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ रोजी. ज्या नाल्यांच्या काठी सुरुवातीला भातशेती आणि गावठाणं होती, तिथे आज शाळा आणि सोसायट्या आहेत. नाल्यांचा शेवट मात्र तोच आहे, ठाण्याची खाडी. २०१५ साली या खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून दिवाळे, सारसोळे, वाशी, घणसोली या गावांतली कोळी-आगरी घरं तिथल्या निवट्या, खेकडे आणि कोळंबीवर जगत आली आहेत. पुढच्या पायऱ्या वाचताना तेही डोळ्यांसमोर असू द्या.

पायरी १: पाणी मोजा, कागदावरचं नव्हे, खरं

बहुतेक छोट्या कारखान्यांत "रोज किती पाणी सोडता?" असं विचारलं की कन्सेंटमध्ये, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवान्यात, लिहिलेला आकडा सांगतात. तो आकडा अर्ज करताना कुणीतरी लिहिलेला असतो. प्रत्यक्ष मोजलेला क्वचितच असतो.

महागडं यंत्र नसलं तरी चालेल. २० लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरे. पाइपाच्या तोंडाशी बादली धरा. २५ सेकंदांत भरली तर तासाला २,८८० लिटर पाणी जातंय. असं प्रत्येक तोंडाशी, प्रत्येक पाळीत, निदान आठवडाभर मोजा. रात्रपाळी सोडू नका. फरशी धुणं, टाक्या रिकाम्या करणं, बॉयलरचं ब्लोडाउन (तळाचं क्षारांचं पाणी बाहेर सोडणं) यांतलं बरंच रात्री उरकलं जातं, आणि दिवसा घेतलेल्या नमुन्यात ते दिसतच नाही.

मग एका कागदावर जमाखर्च मांडा. एका बाजूला मीटरवरून आलेलं पाणी आणि टँकर. दुसऱ्या बाजूला मालात गेलेलं, कूलिंग टॉवरमधून उडालेलं, बागेला दिलेलं, शौचालय-कँटीनचं आणि प्रक्रियेचं. दोन्ही बाजू दहा-पंधरा टक्क्यांच्या फरकात जुळल्या तर पुढे जा. जुळल्या नाहीत तर कुठेतरी गळती आहे, किंवा कुणालाच माहीत नसलेला एखादा पाइप आहे. मी ज्या ज्या ठिकाणी असा जमाखर्च मांडला, तिथे निदान एक तरी असा पाइप सापडला. जुन्या मालकाच्या काळातला, फरशीखालून थेट पावसाळी गटारात गेलेला.

पायरी २: प्रवाह वेगळे करा

लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. फक्त एकच पायरी करणार असाल तर ही करा.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्या, कारखान्यात ईटीपी (सांडपाणी साफ करणारा प्रकल्प) सांभाळायचो. क्रोमच्या बाथनंतर (मुलाम्याच्या रसायनाच्या टाकीनंतर) एक स्थिर धुलाईची टाकी होती, साधारण ५०० लिटरची. एका संध्याकाळी कुणीतरी तिचा व्हॉल्व्ह उघडून ती सगळी सर्वसाधारण हौदात सोडली. सकाळी आलो तर ४० हजार लिटरचा अख्खा हौद पिवळा. षट्संयोजी क्रोमियम (क्रोमचं विषारी, पिवळं रूप) काढायचं तर आधी पाण्याचा पीएच (७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) २ ते ३ वर आणावा लागतो, मग सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं, पाण्याचा रंग पिवळ्याचा हिरवा होतो, आणि मग चुना किंवा कॉस्टिक टाकून पीएच ८ ते ९ वर नेला की क्रोमियम गाळ होऊन खाली बसतं. ५०० लिटरला हे करायला दोन तास आणि एक कार्बॉय (मोठा कॅन) आम्ल पुरलं असतं. आता तेच ४० हजार लिटरला करायचं होतं. आधी सगळं पाणी आंबट करा, मग सगळं पुन्हा अल्कलीकडे न्या. तीन दिवस लागले, चुन्याच्या गोण्यांवर गोण्या गेल्या, आणि शेवटी जो गाळ निघाला त्यात निम्म्याहून जास्त आमचाच चुना होता. क्रोमियम तेवढंच होतं, ग्रॅमभरही वाढलं नव्हतं. वाढलं होतं ते फक्त पाणी.

म्हणून आपल्या कारखान्यातले प्रवाह आधी कागदावर वेगळे काढा, मग पाइपात:

क्रोमचं पाणी. त्याची टाकी आणि पाइप वेगळे हवेत. पाइपाला पिवळा रंग द्या, म्हणजे रात्रपाळीच्या माणसालाही विचारावं लागणार नाही. हिशेबासाठी लक्षात ठेवा की एक ग्रॅम षट्संयोजी क्रोमियमला साधारण ३ ग्रॅम मेटाबायसल्फाइट लागतं. नदी-नाल्यासारख्या जमिनीवरच्या पाण्यात सोडताना मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅमची आहे, म्हणजे डोळ्यांना रंग दिसेनासा झाला तरी काम संपलेलं नसतं.

सायनाइडचं पाणी. झिंक, कॉपर किंवा चांदीच्या काही बाथमध्ये सायनाइड असतं. हे पाणी आम्लाच्या पाण्याजवळ कधीही, कुठल्याही कारणाने जाऊ देऊ नका. दोन्ही भेटले की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, आणि तो माणूस मारतो. दोघांच्या गटारांमध्ये भिंत हवी. फक्त व्हॉल्व्हवर विसंबू नका, कारण व्हॉल्व्ह माणूस उघडतो. सायनाइडवर प्रक्रिया पीएच १० च्या वर ठेवून हायपोक्लोराइटने करतात.

तेलाचं पाणी. मशीनशॉपमधलं कूलंट, फरशीवरचं तेल. इथे एक बारीक गोष्ट आहे: तेल अडवायची टाकी पंपाच्या आधी ठेवा. तेलकट पाणी आधी पंपातून गेलं की पंप ते ताकासारखं घुसळतो. वर तरंगून सहज निघालं असतं ते तेल पाण्यात विरून बसतं, आणि मग ते फोडायला आम्ल आणि अ‍ॅलम (तुरटी) लागतं. कँटीनचं साबणाचं पाणीही तेलाच्या गटारात सोडू नका. साबण तेच करतो.

बाकी धातूंचं धुलाईचं पाणी. सगळे धातू एकाच पीएचला बसत नाहीत. क्रोमियम ८ ते ८.५ ला चांगलं बसतं, झिंकला ९ ते ९.५ लागतो, निकेलला १० च्या पुढे जावं लागतं. आणि पीएच फार वर नेला की क्रोमियम आणि झिंक पुन्हा विरघळू लागतात. सगळं एकत्र केलं तर कोणत्याही एका पीएचला सगळं समाधानकारक बसत नाही. रिपोर्टमध्ये कधी निकेल नापास, कधी क्रोमियम नापास येतं, आणि मालक ऑपरेटरवर ओरडतो. ऑपरेटरचा दोष नसतो.

शौचालय आणि कँटीनचं पाणी. हे रासायनिक टाक्यांपासून लांब ठेवा. मात्र तुमच्याकडे जैविक टाकी, म्हणजे जिवाणूंकडून पाणी साफ करणारी टाकी असेल, तर तिथे ते घेणं फायद्याचं ठरू शकतं, कारण त्यात जिवाणूंना लागणारं खाणं असतं. संपूर्ण लेखात मी ज्या एका मिसळण्याची शिफारस करतोय, ते हेच. तेही तुमच्या कन्सेंटमध्ये तसं नमूद असेल तरच.

पावसाचं पाणी. याबद्दल पुढे वेगळं सांगतो.

पायरी ३: घाण पाण्यात जाण्याआधीच अडवा

प्लेटिंगच्या धंद्यात घाण पाणी बनतं ते बाथमधून बाहेर येणाऱ्या जॉबला (मुलामा द्यायच्या वस्तूला) चिकटून आलेल्या द्रवामुळे. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: जॉब बाथवर दहा-पंधरा सेकंद जास्त धरा, थोडा तिरका करा, निथळू द्या. दोन टाक्यांच्या मधल्या फटीवर उतरती पत्र्याची पन्हळ लावा, म्हणजे थेंब परत बाथमध्ये जातील. प्लेटिंगचं रसायन महाग आहे. हा उपाय त्याच्याच पैशांतून फिटतो.

दुसरा उपाय उलट्या दिशेच्या धुलाईचा. एकाच टाकीत धुवून द्रव हजारपट विरळ करायचा असेल, तर जॉबला चिकटून आलेल्या प्रत्येक लिटरमागे १,००० लिटर पाणी लागतं. दोन टाक्या ओळीने ठेवल्या, ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडलं आणि ते उलटं पहिल्या टाकीकडे वाहू दिलं, तर तेवढीच स्वच्छता साधारण ३२ लिटरमध्ये होते. तीन टाक्यांत साधारण १० लिटरमध्ये. तासाला २ लिटर द्रव चिकटून येत असेल तर आठ तासांच्या पाळीत एका टाकीने १६,००० लिटर, दोन टाक्यांनी सुमारे ५१० लिटर. एका जास्तीच्या टाकीची किंमत आणि रोज वाचणारं पाणी यांचा हिशेब मालकासमोर मांडा. कायद्याच्या धाकाने न हललेले लोक या आकड्याने हललेले मी पाहिलेत.

इथेच एक पळवाट बंद करतो. रिपोर्ट पास व्हावा म्हणून शेवटच्या टाकीत नळाचं पाणी सोडून विरळ करणं. १०० घनमीटर पाण्यात लिटरला २५० मिलिग्रॅम सीओडी (घाण रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन) म्हणजे २५ किलो भार. पाणी दुप्पट केलंत तर लिटरमागचा आकडा निम्मा होईल, खाडीत मात्र २५ किलोच जातील. वर बारवी धरणातून आलेलं चांगलं पाणी वाया गेलं ते वेगळंच.

पायरी ४: इक्वलायझेशन टाकी मोठी ठेवा

ईटीपी बांधताना सगळ्यात आधी कात्री लागते ती दिवसभराचं पाणी साठवून एकसारखं करणाऱ्या या टाकीला, कारण ती "नुसतीच साठवते" असं वाटतं. पण सकाळी आम्ल, दुपारी अल्कली, संध्याकाळी रंग असं पाणी थेट पुढे गेलं तर कोणताही डोस नीट बसत नाही. पीएचचा आकडा फसवा असतो. पीएच २ आणि पीएच ४ मध्ये आम्लाचा फरक दुप्पट नसून शंभरपट असतो. निदान अर्ध्या दिवसाचं, शक्य असेल तर पूर्ण दिवसाचं पाणी मावेल एवढी टाकी ठेवा, आणि तळाशी हवा सोडून ती ढवळत राहा. न ढवळता पाणी दोन दिवस ठेवलं की ते सडतं.

पायरी ५: डोस अंदाजाने नको, जार टेस्टने

किती अ‍ॅलम टाकायचं? "नेहमी दोन बादल्या टाकतो" हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलंय. पाणी रोज बदलतं, बादल्या बदलत नाहीत.

जार टेस्टला अर्धा तास लागतो. १० ग्रॅम अ‍ॅलम एक लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाचा १ मिलिलिटर म्हणजे १० मिलिग्रॅम. एकेक लिटर सांडपाणी घेतलेले सहा जार ठेवा आणि त्यांत ५, १०, १५, २०, २५, ३० मिलिलिटर टाका. मिनिटभर जोरात ढवळा, मग १५-२० मिनिटं अगदी हळू, मग थांबा. फुलं (घाणीचे एकत्र आलेले पुंजके) कुठे मोठी झाली, कुठे लवकर बसली, वरचं पाणी कुठे स्वच्छ आहे ते बघा. सगळ्यात कमी डोसमध्ये जिथे काम झालं, तो तुमचा आजचा डोस. प्रत्येक जारचा पीएचही मोजा, कारण अ‍ॅलम पीएच खाली नेतं आणि तो फार घसरला की फुलं बनत नाहीत. पॉली (पुंजके जोडणारं पॉलिमर) टाकायचं ते अगदी शेवटी आणि अगदी थोडं. जास्त झालं की गाळ दाबून कोरडा करणाऱ्या फिल्टर प्रेसचं कापड चिकट होतं.

पायरी ६: जैविक टाकी म्हणजे पाळलेलं जनावर

अन्न, औषध, रंग, वस्त्र अशा धंद्यांत सेंद्रिय भार जास्त असतो, तिथे जैविक टाकी लागते. आधी एकदा सीओडी आणि बीओडी (घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) दोन्ही तपासून घ्या. सीओडी बीओडीच्या तिप्पट-चौपटीहून जास्त असेल, तर पाण्यात जिवाणूंना न पचणारं बरंच काही आहे, आणि नुसती हवा सोडून ते जाणार नाही. क्षार तर कोणत्याच जैविक प्रक्रियेने कमी होत नाहीत.

हवा: टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास हवा. वीज वाचवण्यासाठी रात्री ब्लोअर बंद करणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. दोन रात्रींत टाकी काळी पडते, आणि ती परत उभी राहायला दोन-तीन आठवडे लागतात. ईटीपीला स्वतंत्र विजेचं मीटर लावा. ब्लोअर खरंच चालला की नाही ते युनिट सांगतात.

खाणं: बीओडी, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण १०० : ५ : १ धरतात. दिवसाला १० किलो बीओडी येत असेल आणि सांडपाण्यात स्वतःचं पोषण काहीच नसेल, तर साधारण ९०० ग्रॅम युरिया आणि ५०० ग्रॅम डीएपी पुरे. पोती ओतायची गरज नाही. जास्तीचा नायट्रोजन अमोनिया म्हणून बाहेर जातो आणि रिपोर्टमध्ये वेगळीच डोकेदुखी उभी राहते.

तब्येत: एक लिटरचा काचेचा सिलिंडर, टाकीतलं ढवळलेलं पाणी, ३० मिनिटं. ३०० मिलिलिटरपर्यंत गाळ बसला आणि गाळाचं प्रमाण लिटरला ३,००० मिलिग्रॅम असेल, तर निर्देशांक (बसलेल्या गाळाचे मिलिलिटर भागिले त्याचे ग्रॅम) १०० येतो. तब्येत ठीक आहे. तो १५०-२०० च्या पुढे गेला तर गाळ फुगतोय. ही चाचणी रोज एकाच वेळेला करा आणि भिंतीवरच्या कागदावर आकडा लिहा. आमच्याकडे एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते फेसाकडे बघूनच सांगायचे, "साहेब, पांढरा फेस आलाय, गाळ कोवळा आहे, अजून काढू नका." आणि तपकिरी जाड साय आली की, "आता म्हातारा झाला, काढा थोडा." प्रयोगशाळेचा रिपोर्ट चार दिवसांनी यायचा आणि मामांचंच बरोबर निघायचं. तुमच्याकडे असा माणूस असेल तर त्याला जपा, आणि त्याचं ज्ञान वहीत उतरवून घ्या.

साप्ताहिक सुटीच्या दिवशी टाकी उपाशी राहते आणि दुसऱ्या दिवशी एकदम भार येतो. म्हणून आदल्या दिवशीचं थोडं पाणी इक्वलायझेशन टाकीत राखून ठेवा आणि सुटीत ते हळूहळू सोडत राहा.

पायरी ७: गाळ

रासायनिक ईटीपीचा गाळ हा २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतो. तो भरावात, मोकळ्या प्लॉटवर किंवा महापालिकेच्या कचऱ्यात टाकता येत नाही. पोत्यांत भरा, छताखाली आणि पक्क्या फरशीवर ठेवा, पोत्यावर तारीख लिहा, ९० दिवसांच्या आत अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे चलनासह पाठवा. आपल्याला महापे आणि तळोजा अशी दोन केंद्रं जवळ आहेत, लांब जावं लागत नाही. फिल्टर प्रेस नीट चालवून गाळ जितका कोरडा कराल तितकं वजन आणि बिल कमी.

पायरी ८: टाकीत माणूस उतरवू नका

हा भाग मी हळू लिहितोय, कारण माझ्या ओळखीच्या घरांत यामुळे माणसं गेली आहेत.

बंद टाकीत, चेंबरमध्ये, गाळाच्या खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड साठतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. माणसाला वाटतं वायू गेला. तो उतरतो, कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बहुतेक अपघातांत एकापेक्षा जास्त माणसं जातात ती याच क्रमाने.

तर नियम असा ठेवा: पाणी-गाळ काढायचं काम पंपाने आणि सक्शन टँकरने करायचं. दुरुस्तीसाठी उतरावंच लागलं, तर आधी झाकणं उघडून ब्लोअरने हवा खेळवायची, मग गॅस मीटर दोरीने खाली सोडून ऑक्सिजन, सल्फाइड आणि ज्वालाग्राही वायू तिन्ही तपासायचे. लेखी परवाना, पट्टा, दोर, वर कायम उभा राहणारा माणूस आणि बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा हवा. कापडी मास्क इथे काहीही करत नाही. वरच्या माणसाला एकच सूचना पाठ हवी: काहीही झालं तरी तू खाली उतरायचं नाहीस, दोर ओढायचा आणि मदत बोलवायची. ठेकेदाराने आणलेल्या मजुरालाही हेच नियम. ठेकेदाराची माणसं म्हणून जबाबदारी संपत नाही.

पायरी ९: पावसाळ्याआधी

कोकणातला पाऊस ईटीपीचा विचार करून पडत नाही. १,००० चौरस मीटरच्या छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि तो जुलैत एका दिवसात पडतो, तर एक लाख लिटर पाणी होतं. ते पन्हळीतून सांडपाण्याच्या गटारात उतरत असेल, तर ६० हजार लिटरचा ईटीपी दुपारपर्यंत बुडाला. मग सगळंच ओसंडून नाल्यात.

एप्रिलमध्येच छताची पन्हळ पावसाळी गटाराला जोडा. खात्रीसाठी छतावर बादलीभर रंगीत पाणी ओता आणि ते कुठे निघतं बघा. रसायनाच्या पिंपांवर छप्पर आणि भोवती कट्टा हवा. गाळ वाळवायच्या उघड्या वाफ्यांवर छप्पर नसेल तर जूनच्या आधी ते रिकामे करा. पहिल्या पावसात अंगणातलं सगळं सांडलेलं धुऊन निघतं, ते पाणी अडवून ईटीपीत घ्यायची सोय ठेवा.

पायरी १०: सामाईक प्रकल्पाला पाणी देताना

टीटीसी, म्हणजे आपल्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांचं पाणी पुढच्या प्रक्रियेसाठी सामाईक प्रकल्पात, म्हणजे सीईटीपीत जातं. "सीईटीपी आहे ना, तिथे होईल साफ" हा गैरसमज इथून काढून टाका. सीईटीपी मुख्यतः सेंद्रिय भार खाते. तुमचं क्रोम, सायनाइड, तेल आणि विषारी सॉल्व्हंट तिथल्या जिवाणूंना मारतात. मग शंभर प्रामाणिक कारखान्यांचं पाणी एका कारखान्यामुळे नापास होतं. प्रवेशाची मर्यादा काय आहे ते लेखी घ्या, भिंतीवर लावा.

नमुना कसा घेता यालाही महत्त्व आहे. एक बाटली म्हणजे एका मिनिटाचं चित्र. दर तासाला प्रवाहाच्या प्रमाणात थोडं-थोडं घेऊन २४ तासांचा मिश्र नमुना करा, तोच तुमचा खरा दिवस. नोंदवहीत रोज सहा आकडे पुरेत: आलेलं पाणी, गेलेलं पाणी, पीएच, डोस, गाळाची पातळी, विजेचे युनिट. वही रोजची रोज भरा. महिनाअखेरीला एकाच पेनने भरलेली वही अधिकाऱ्याला पहिल्या पानावर कळते. पर्यावरण विवरणपत्र दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं असतं, ते या वहीतूनच तयार होतं.

उत्पादन बदललं, मशीन वाढवलं, नवं रसायन आणलं, तर कन्सेंट बदलून घ्या. महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला होता, केंद्राचा कायदा १९७४ चा. इतक्या जुन्या व्यवस्थेत कागद कच्चा ठेवून काही मिळत नाही.

पायरी ११: शहराने काय करायचं

कारखान्याच्या भिंतीबाहेरही सूत्र तेच आहे: वेगळं ठेवा.

पहिलं काम, चेंबरांचा नकाशा. कोणत्या प्लॉटची जोडणी कोणत्या चेंबरला, सांडपाण्याची वाहिनी कुठे, पावसाळी गटार कुठे. महापालिका, एमआयडीसी आणि सीईटीपी यांच्याकडे आपापले तुकडे असतात. ते एका नकाशावर यायला हवेत. जुने रासायनिक प्लॉट जाऊन तिथे आयटी पार्क आणि गोदामं येत आहेत, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा नकाशा आज चुकीचा आहे.

दुसरं, एप्रिल-मेमधली नाल्यांची फेरी. ओहोटीच्या वेळी करा, कारण भरतीत खाडीचं पाणी नाल्यात आणि धारण तलावांपर्यंत (पावसाचं पाणी थोपवून ठेवणाऱ्या तलावांपर्यंत) वर येतं आणि सगळं झाकून टाकतं. खाडीकडून डोंगराकडे वर चढत जा. प्रत्येक पुलाखाली पीएच पट्टी बुडवा, रंग-वास लिहा. जिथे दोन पुलांमध्ये पीएच एकदम बदलला, तिथेच कुठेतरी तोंड आहे. मग त्या अंतरातली चेंबरं उघडून बघा. हे काम रात्री दोन ते पाचमध्ये एकदा तरी व्हायला हवं.

तिसरं, रात्रीचे टँकर. २०१४ साली उल्हासनगरमध्ये वालधुनीत टाकलेल्या रसायनामुळे अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. सांडपाणी नेणाऱ्या प्रत्येक टँकरला जीपीएस हवा, आणि प्लॉटवरून निघालेलं व सीईटीपीत उतरलेलं पाणी रोज जुळवून बघितलं जायला हवं.

चौथं, पाण्याचा दुसरा वापर. कोपरखैरणे आणि ऐरोलीत महापालिकेने शहराच्या मैल्यापाण्यावर तृतीय स्तराची, म्हणजे नेहमीच्या सफाईनंतरची आणखी बारीक प्रक्रिया करणारे प्रत्येकी २० दशलक्ष लिटरचे प्रकल्प उभे केले आहेत, ते पाणी उद्योगांसाठी आहे. कूलिंग टॉवर, फरशी, बाग, बांधकाम यांना धरणाचं पाणी लागत नाही. तुमच्या प्लॉटजवळून ही वाहिनी जात असेल तर जोडणीचा अर्ज करा. घेण्याआधी क्षार आणि कठीणपणा तपासा, कूलिंग टॉवरचा डोस त्याप्रमाणे बदलावा लागेल.

आणि शेजारच्या सोसायटीत किंवा गावात राहणाऱ्यांसाठी: नाल्याचं पाणी हाताने घेऊ नका, काठावर वाकू नका. वेळ, जागा, रंग, वास आणि त्या वेळची भरती-ओहोटी लिहा, फोटो काढा. तुम्ही भरलेली बाटली न्यायालयात चालत नाही. कायद्याने अधिकाऱ्यानेच कारखानदाराला सूचना देऊन नमुना घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद करून सही करायची. पण त्या अधिकाऱ्याने कोणत्या रात्री, किती वाजता आणि कोणत्या पुलापाशी उभं राहायचं, हे तुमची वही सांगू शकते. सलग तीन आठवडे मंगळवारी आणि शनिवारी रात्री अडीचला पाणी लाल होतं असं लिहून दिलेली तक्रार, आणि "नाल्याला फार वास येतो" अशी तक्रार, यांतल्या पहिलीवर माणूस पाठवता येतो.